न भाजता केलेला चॉकलेट-बिस्किट केक आणि आपला उन्हाळा

परभणीच्या एका ताईंनी मुलीच्या वाढदिवसासाठी मे महिन्यात ओव्हनशिवाय चॉकलेट-बिस्किट केक केला. त्यांनी मारी बिस्किटांचे पुडे मिक्सरमध्ये बारीक दळले, त्यात वाटीभर दूध घालून सरसरीत पीठ केले, अर्धे डार्क चॉकलेट आणि अर्धे कंपाउंड (चॉकलेटसारखीच दिसणारी, वनस्पती तेलाची वडी) थेट गॅसवर वितळवून त्यात ओतले आणि डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी केक वरून कडक दिसत होता, परंतु सुरी आत जाताच मधला भाग गाऱ्यासारखा निघाला, कडेला तेल साचले होते, आणि टेबलावर पंधरा मिनिटे राहिल्यावर तो सगळाच बसला. आपले काय चुकले, पुढच्या आठवड्यात भाचीच्या वाढदिवसाला हाच केक जालन्याला नेता येईल का, आणि फ्रीझरमध्ये ठेवलेल्या उरलेल्या निम्म्या केकचे काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

ताई, केक जालन्याला नक्की नेता येईल. मात्र त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण लातूरला गेली 22 वर्षे घरगुती केक करताना आणि शिकवताना मला हाच गोंधळ सर्वांत जास्त वेळा दिसला आहे. आपल्याकडे ‘बिस्किटाचा केक’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळे पदार्थ ओळखले जातात. पहिल्यात बिस्किटांची पूड, दूध आणि फ्रूट सॉल्ट किंवा बेकिंग पावडर कालवून ते पीठ कुकरमध्ये किंवा वाफेवर शिजवतात. तिथे दूध हवेच, कारण उष्णतेने पूड फुगते, शिजते आणि घट्ट होते. दुसरा केक शिजतच नाही. वितळलेले लोणी आणि चॉकलेट थंड होऊन पुन्हा गोठते आणि बिस्किटांच्या तुकड्यांना एकमेकांशी बांधून ठेवते, एवढ्यावरच तो उभा असतो. आपण पहिल्या केकचे पीठ केले आणि त्याला दुसऱ्या केकसारखे फ्रीजमध्ये ठेवले. त्या पिठात दुधाचे पाणी होते, आणि ते शिजून आटण्याची संधी त्याला कधीच मिळाली नाही. फ्रीजमध्ये पाणी नुसते थंड झाले.

हा हिशेब आकड्यांत मांडला तर अधिक पटेल. दुधात सुमारे 87 टक्के पाणी असते, म्हणजे 200 मिलिलिटरच्या वाटीतून आपण जवळजवळ 175 मिलिलिटर पाणी केकमध्ये घातले. त्याच जागी 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घातले असते तर पाणी साधारण 55 ग्रॅमच गेले असते, आणि तेही साखरेने धरून ठेवलेले, त्यामुळे बिस्किटात सहज न शिरणारे. बाजारच्या लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी असते, ते चालते. साध्या फ्रेश क्रीममध्ये मात्र निम्म्याहून अधिक पाणीच असते. ‘क्रीम म्हणजे लोणीच’ असे समजून ते सढळ हाताने ओतणाऱ्यांचा केकही असाच मऊ राहतो. म्हणून या केकात दूध, पाणी, फळांचा गर किंवा रस यांतले काहीही घालू नये. मराठवाड्याच्या केशर आंब्याचा रस घालण्याचा मोह उन्हाळ्यात अनेकांना होतो. तो रस वाटीत बाजूला वाढावा, केकात नव्हे. जालन्याच्या मोसंबीच्या सालीचा वरचा हिरवा-पिवळा थर किसून, ताटात पसरून सावलीत वाळवला आणि त्यातला चमचाभर चॉकलेटमध्ये घातला, तर मात्र स्वाद फार छान येतो. सालीखालचा पांढरा भाग कडू असतो, तो किसणीवर येऊ देऊ नये.

दुसरी चूक चॉकलेटच्या निवडीची आहे, आणि ती आपल्या लक्षात येण्यासारखी नव्हती, कारण दुकानात दोन्ही वड्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दिसतातही सारख्याच. खऱ्या चॉकलेटमधला स्निग्धांश म्हणजे कोको बटर. ते साधारण 34 अंशांना वितळते, म्हणूनच चॉकलेट हातात घट्ट राहते आणि तोंडात विरघळते. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा पाम कर्नेलसारखे घट्ट केलेले वनस्पती तेल असते. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत ते वाचता येते, आणि खरेदी करताना ती यादी अवश्य वाचावी. यांतला कोणताही एक प्रकार वापरला तर केक जमतो. दोन्ही निम्मे-निम्मे घातले की या दोन जातींच्या स्निग्ध पदार्थांचे कण गोठताना एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि मिश्रण दोहोंपैकी प्रत्येकापेक्षा लवकर मऊ पडते. काटकसर म्हणून केलेले हे मिश्रण उन्हाळ्यात सर्वांत आधी दगा देते. चवीसाठी मी नेहमी निदान 50 टक्के कोको असलेले खरे डार्क चॉकलेटच घेते. मिल्क चॉकलेटमध्ये दुधाचा स्निग्धांश असल्यामुळे ते मुळातच मऊ असते, ते या केकासाठी घेऊ नये. लहान मुलांना डार्क चॉकलेट कडू लागेल ही भीती मनात ठेवू नका. कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटे मिळून पुरेशी गोडी येते.

आता उष्णतेकडे वळते, कारण या केकाच्या बहुतेक कृती आपल्याकडच्या हवेसाठी लिहिलेल्याच नाहीत. ब्रिटनमध्ये असा केक फार जुन्या आवडीचा आहे. 2011 मध्ये राजपुत्र विल्यम यांनी आपल्या लग्नात पारंपरिक केकासोबत मुद्दाम चॉकलेट-बिस्किट केकही करून घेतला होता. तुर्कस्तानात बिस्किटांच्या पांढऱ्या तुकड्यांमुळे त्याला मोझेक म्हणतात, आणि इटलीत त्याची वळकटी करून चकत्या कापतात. त्या थंड हवेच्या देशांत ‘केक खोलीच्या तापमानाला ठेवा’ याचा अर्थ अठरा-वीस अंश असा होतो. परभणी, नांदेड, लातूर किंवा बीडमध्ये मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि पंख्याखालची खोलीसुद्धा कोको बटरच्या वितळबिंदूच्या वर असते. काही जुन्या ब्रिटिश कृतींत कच्चे अंडे घालतात. आपल्या हवेत तो धोका पत्करू नये, आणि कंडेन्स्ड मिल्क असताना त्याची गरजही नाही.

मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका परदेशी कृतीवरून मापे जशीच्या तशी घेऊन केक केला आणि एप्रिलमध्ये उदगीरच्या एका बारशाला एसटीने नेला. डिसेंबरमध्ये त्याच मापाने केलेला केक दिवसभर ताटात ठाम उभा राहिला होता. एप्रिलमधला मात्र उतरताना डब्यात ओतीव झाला होता. तेव्हापासून मी मापे ठरवण्याआधी घरातल्या तुपाचा डबा उघडून पाहते, आणि माझ्या विद्यार्थिनींनाही हेच सांगते. तूप रवाळ आणि घट्ट असेल तर केक फ्रीजबाहेर तास-दोन तास टिकेल. तूप वर पातळ आणि तळाशी घट्ट असेल तर अर्धा तास धरावा. तूप पाण्यासारखे पातळ असेल, तर केक फ्रीजमधून थेट ताटलीतच जायला हवा आणि कृतीतले लोणीही कमी करायला हवे. खोबरेल तेल घालून केलेल्या कृती अलीकडे पुष्कळ दिसतात. ते तेल 24-25 अंशांनाच पातळ होते, त्यामुळे मार्चपासून पावसाळा स्थिरावेपर्यंत आपल्याकडे त्या कृतींच्या वाटेला जाऊ नये.

थंडीच्या दिवसांतले माझे माप असे आहे: मारी बिस्किटे 250 ग्रॅम, डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, लोणी 100 ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर 25 ग्रॅम आणि भाजलेला सुका मेवा 75 ग्रॅम. सात इंची गोल डब्यात याचा दीड इंचाच्या आसपास उंचीचा केक होतो आणि वीस-बावीस जणांना पुरतो. आपल्याला पुढच्या आठवड्यात करायचा आहे, म्हणून आपण चॉकलेट 250 ग्रॅम, लोणी 70 ग्रॅम आणि कंडेन्स्ड मिल्क 150 ग्रॅम घ्यावे. बाकी सर्व तसेच. लोणी खारट असेल तर वेगळे मीठ घालू नये, बिनमिठाचे असेल तर चिमूटभर घालावे, कारण मिठाशिवाय हा केक सपक गोड लागतो. घरचे कढवलेले तूप वापरता येते का, असे बऱ्याचदा विचारले जाते. वापरता येते, परंतु त्याचा वास चॉकलेटवर मात करतो आणि खाताना टाळूला थर बसल्यासारखे वाटते. मला ते पटत नाही. कोको पावडरच्या जागी दुधात घालायची चॉकलेट पावडर घेऊ नये, तिच्यात साखरच जास्त असते.

बिस्किटांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खाणाऱ्याच्या दाताखाली शेवटी तीच येतात. मारी बिस्किट कोरडे, कमी तुपाचे आणि कमी गोड असते, त्यामुळे चॉकलेटात राहूनही त्याचा कुरकुरीतपणा टिकतो. ग्लुकोज बिस्किट चवीला चांगले, पण ते ओल लवकर शोषते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते; तेच हवे असेल तर निम्मे मारी आणि निम्मे ग्लुकोज घ्यावे. क्रीमची बिस्किटे घेऊ नयेत. बिस्किटे मिक्सरमध्ये मुळीच दळू नयेत. पुडीचा प्रत्येक कण लोणी शोषून घेतो, बांधायला काही उरत नाही, आणि मग मिश्रण कोरडे वाटले म्हणून बाई पुन्हा दूध ओततात. आपल्या हातून नेमके हेच झाले असावे. बिस्किटे हातानेच मोडावीत, तुकडे साधारण अंगठ्याच्या नखाएवढे असावेत, काही थोडे मोठे राहिले तरी कापल्यावर चकतीत सुंदर नक्षी दिसते. मोडून झाल्यावर तुकडे पुरणाच्या चाळणीतून हलवून घ्यावेत. मूठभर पूड राहिली तर हरकत नाही, त्याहून जास्त असेल ती काढून ठेवावी.

पावसाळ्यात बिस्किटे सादळलेली असतात, आणि सादळलेल्या बिस्किटांचा केक कधीही खुसखुशीत होत नाही. अशा वेळी कढईत अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतून, पूर्ण गार करून मगच वापरावीत. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की हा त्रास नसावा, पण घरात कूलर चालू असेल तर तो असतोच. कूलरच्या झोतात मोकळी ठेवलेली बिस्किटे तासाभरात नरम होतात. म्हणून पुडे आयत्या वेळी फोडावेत आणि काम कूलरच्या खोलीत करू नये. मेव्यासाठी काजू-अक्रोडच हवेत असे नाही. खरपूस भाजून, सोलून, दोन-दोन पाकळ्या केलेले आपले शेंगदाणे या केकात मला काजूपेक्षा अधिक आवडतात. चॉकलेटच्या कडवटपणाशी त्यांचे चांगले जमते आणि ते मऊ पडत नाहीत. ते पूर्ण गार झालेले असावेत, एवढेच.

वितळवण्याच्या कामात घाई चालत नाही. चॉकलेट थेट आचेवर ठेवले की तळाचा भाग करपतो आणि स्निग्धांश वेगळा होतो. आपल्या केकाच्या कडेला साचलेले तेल त्यातूनच आलेले आहे. पातेल्यात दोन बोटे पाणी उकळून गॅस बंद करावा, त्यावर बसेल असे पण पाण्याला न टेकणारे दुसरे स्टीलचे भांडे ठेवावे, आणि त्यात चॉकलेटचे बारीक तुकडे ठेवून सावकाश ढवळावे. चॉकलेटला 45 अंश पुरे होतात. भांड्याला हात लावल्यावर सोसवेल इतकीच उष्णता असावी. भांडे, चमचा आणि हात पूर्ण कोरडे हवेत. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब किंवा वाफेचा ओलावा गेला तरी त्यातली साखर आणि कोको ती ओल धरून गोळा होतात आणि चॉकलेट दाणेदार, घट्ट होऊन बसते. तसे झाले तर फेकू नये. कडकडीत गरम दूध एकेक चमचा घालून फेटत गेले की ते पुन्हा गुळगुळीत होते, मात्र मग ते केकात न घालता आइस्क्रीमवर ओतायला वापरावे.

दुसऱ्या बाजूला जाड बुडाच्या कढईत लोणी, कंडेन्स्ड मिल्क आणि चाळलेली कोको पावडर एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळावे. थंडीत हे नुसते एकजीव झाले तरी चालते. उन्हाळ्यात मात्र मी ते वडीच्या मिश्रणासारखे थोडे आटवते: पाच-सहा मिनिटांत कडा सुटू लागतात आणि उलथने फिरवल्यावर तळ क्षणभर दिसतो, तिथे थांबते. त्यातले थोडे पाणी उडून जाते आणि केक केवळ थंडीवर अवलंबून न राहता वडीसारखा स्वतःही काहीसा धरतो. आपल्या हवेसाठी मला सापडलेला हा सर्वांत उपयोगी उपाय आहे, आणि ज्यांना बर्फीचा हात आहे त्यांना तो शिकवावाही लागत नाही. यापुढे मात्र आटवू नये, नाहीतर मिश्रण तूप सोडते. चुकून सोडलेच, तर कढई खाली उतरवून एक चमचा कोमट दूध घालून जोरात घोटावे. एवढ्या दुधाने बिघडत नाही.

कढई उतरवून पाच मिनिटांनी त्यात वितळलेले चॉकलेट मिसळावे, आणि मिश्रण बोटाला कोमट लागले की बिस्किटे आणि शेंगदाणे घालून खालून वर असे हलक्या हाताने कालवावे. गरम मिश्रणात बिस्किटे घातली तर ती लोणी पिऊन मऊ होतात, फार गार झाल्यावर घातली तर चॉकलेट सगळीकडे पोहोचत नाही. उभ्या कडांच्या स्टीलच्या डब्याला आतून बटर पेपर लावावा आणि त्याची टोके बाहेर राहू द्यावीत, म्हणजे केक उचलून काढता येतो. मिश्रण तीन-चार वेळा थोडे थोडे घालून दर वेळी वाटीच्या बुडाने, विशेषतः कडेला, चांगले दाबावे. आत हवेच्या पोकळ्या राहिल्या की कापताना केक कोसळतो. थर नीट दाबले असतील तर चकती विटेसारखी सरळ निघते.

डबा घट्ट झाकून रात्री फ्रीजमध्ये ठेवावा. झाकण यासाठी की स्निग्ध पदार्थ कांद्या-लसणाचा वास पटकन ओढतात, आणि रात्र यासाठी की त्या वेळी फ्रीजचे दार कुणी उघडत नाही. किमान सहा तास लागतात. दिवसा भारनियमन असेल तर तो वेळ त्यात धरू नये. फ्रीझरमध्ये घालून घाई करू नका: वरचा थर दगड होतो, मधला मऊ राहतो, आणि बाहेर काढल्यावर सगळ्या पृष्ठभागावर दव धरते. वरून चॉकलेटचा थर द्यायचा असेल तर 100 ग्रॅम चॉकलेट आणि 20 ग्रॅम लोणी वितळवून, कोमट झाल्यावर, पुसून कोरड्या केलेल्या केकावर ओतावे. प्रवासाला न्यायच्या केकावर थर देऊ नये. वाढताना नुसती कोको पावडर चाळावी. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून, प्रत्येक काप एका दाबात द्यावा. तुकडे लहान ठेवावेत, हा केक जड असतो. फ्रीजमध्ये तो आठवडाभर चांगला राहतो.

जालन्याच्या प्रवासासाठी केक घरीच कापू नका. अखंड केक उशिरा तापतो, तुकडे लवकर तापतात. केक रात्रभर गोठल्यावर सकाळी डब्यासकट थर्मोकोलच्या पेटीत ठेवावा, भोवती गोठवलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या कोरड्या पंच्यात गुंडाळून लावाव्यात आणि उरलेल्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, म्हणजे हवा खेळत नाही. सुटा बर्फ ठेवू नये, त्याचे पाणी डब्यात शिरते. पहाटेची गाडी घ्यावी आणि पेटी वाटेत उघडू नये; मेमध्येही अडीच-तीन तासांचा प्रवास अशा पेटीत केक सोसतो. पोहोचल्यावर तो थेट तिथल्या फ्रीजमध्ये ठेवावा आणि औक्षण झाल्यावरच बाहेर काढावा.

राहिला फ्रीझरमधला निम्मा केक. त्यात दूध आणि पूड आधीच आहे, तेव्हा त्याला ज्या पद्धतीचे पीठ होते त्याच पद्धतीने शिजवून टाका. तो फ्रीजमध्ये मऊ होऊ द्यावा, पाव वाटी दूध घालून घोटून सरसरीत करावा, शेवटी सपाट एक चहाचा चमचा बेकिंग पावडर मिसळावी, आणि तूप लावलेल्या डब्यात ओतून, वरून झाकण घालून, ढोकळ्यासारखा वाफेवर 35 ते 40 मिनिटे ठेवावा. सुरीचे टोक मध्ये घालून पाहावे. ते कोरडे आले की झाला. पूर्ण गार झाल्यावरच डब्यातून काढावा, गरम असताना तो तुटतो.